गोधडी, कुकर आणि मधला एक तास

रीलमध्ये गोधडी तीस सेकंदांत होते. आधी जुन्या साड्यांची चळत, मग कात्रीचा करकर आवाज, मग मशिनची सुई, आणि शेवटी गच्चीवर उन्हात झटकलेली तयार गोधडी. मागे लोफाय म्युझिक. त्या तीस सेकंदांत कुणी दाराची बेल वाजवत नाही, दूध उतू जात नाही, आणि ‘आई, माझा चार्जर कुठंय?’ असं आतल्या खोलीतून कुणी ओरडतही नाही.

सध्या कॉलेजमध्ये गोधडी परत आलीये. कुणाच्या अंगावर गोधडीचं जॅकेट असतं, कुणाच्या खांद्यावर ठिगळांची झोळी. अपसायकलिंग, स्लो फॅशन, झीरो वेस्ट असे शब्दही सोबत येतात. पण ज्या घरांत खरोखर गोधडी शिवली जाते, तिथं त्याच घरातला स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं, अभ्यास आणि नोकरीही चालू असते. मग यातून शिवायला वेळ कसा काढतात? हा एकच प्रश्न घेऊन मी तीन जणींशी बोलले: साताऱ्याकडची माझी आजी, डोंबिवलीची मावशी आणि पुण्यात होस्टेलवर राहणारी एक मैत्रीण. मैत्रिणीची अट होती, नाव छापायचं नाही. कारण घरी हाच पेपर येतो!

वाकळ आणि तुटक वेळ

आजीच्या बोलण्यात गोधडी हा शब्दच नाही. तिच्यासाठी ती वाकळ. सुगी संपली, की पावसाळा लागायच्या आत वाकळा शिवायच्या, हा तिच्या तरुणपणीचा ठरलेला क्रम. त्याच दिवसांत पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट. म्हणजे रिकामा वेळ असा नव्हताच. तरी दरवर्षी वाकळा व्हायच्या.

कशा व्हायच्या, ते तिनं जमिनीवर बोटानं रेघा मारत सांगितलं. खाली अस्तर म्हणून जुनं लुगडं. मध्ये फाटकी धोतरं, सदरे, उरलेसुरले कपडे, कुठं जाड कुठं पातळ राहणार नाही असे पसरून. वर पुन्हा लुगडं किंवा ठिगळं जोडून केलेला पदर. कापड हलू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, त्यासाठी घरातला वरवंटासुद्धा चालायचा. मग मोठे कच्चे टाके. आणि मग काठापासून आत आत, चौकोनात चौकोन काढत, धावदोरा.

हा धावदोरा म्हणजे शिवणातला सगळ्यात सोपा टाका. सुई वर, सुई खाली. पण त्याचा मोठा गुण आजीला विचारल्यावर कळतो. तो कुठंही सोडता येतो. रेघ अर्धी असताना भाकरी थापायला उठलं तरी काही उसवत नाही. सुई तिथंच कापडात खोचायची, वाकळ गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची, परत आलं की सुई सापडते ती थांबलेल्या जागेवरच. एका कडेला सासू, दुसऱ्या कडेला जाऊ, तिसरीकडं शेजारीण बसायची, आणि कुणी उठून गेली तरी तिच्या कडेचं काम दुसरी पुढं न्यायची. शिवून झालेल्या भागावर पोरं झोपायची.

एवढ्या साध्या टाक्यात काम किती असतं, याचा हिशोब मी कॅल्क्युलेटरवर केला. एका माणसाची गोधडी साधारण 60 बाय 90 इंचांची धरली आणि दोन रेघांत अर्धा इंच अंतर ठेवलं, तर एकूण शिवण भरते जवळजवळ 274 मीटर. क्रिकेटच्या साडेतेरा खेळपट्ट्या एकापुढं एक ठेवल्या तर होतील तेवढी! आणि हे सगळं हातानं, शेतातून आल्यावर, चूल पेटवायच्या आधी. आजीला यात काही ग्रेट वाटत नाही. विकतची रजई परवडायची नाही, म्हणून शिवायचो, एवढंच तिचं म्हणणं.

पण बोलता बोलता तिनं एक गोष्ट सांगितली आणि माझा प्रश्नच बदलला. शिवण तुटक वेळात होते, पण कापड मांडायचं काम तसं होत नाही. थर अर्धे पसरून उठलं, तर परत येईपर्यंत कोंबडी नाचून जाते, वारा येतो, सगळं सरकतं. त्यामुळं वाकळ मांडायच्या दिवशी तिच्या घरात एकच नियम असायचा. मांडायला बसलेल्या बाईला हाक मारायची नाही. त्या दिवशीच्या भाकरी दुसरी जाऊ थापणार.

म्हणजे गोधडीत कामं दोन जातींची. काही फुटकळ वेळात होणारी, काही सलग वेळ मागणारी. आणि सलग वेळ हवा, तर तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो.

डायनिंग टेबल एकच

डोंबिवलीच्या मावशीच्या घरात जावा नाहीत. वन बीएचके, नवरा, टीवाय बीकॉमचा मुलगा आणि ती स्वतः. सकाळी पावणेआठची लोकल, संध्याकाळी साडेसातला घरी. मुलीचं लग्न झालंय. गेल्या वर्षी ती मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, गरोदर होती आणि तिनं आईकडं एकच मागणं केलं: बाळाला आजीच्या साड्यांचं दुपटं हवं.

ही आजी म्हणजे मावशीच्या सासूबाई. मावशी नोकरीला जायची तेव्हा या मुलीला त्यांनीच सांभाळलं, शाळेत नेलं-आणलं, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं. त्या चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या सुती साड्या बोचक्यात बांधून माळ्यावर होत्या. मावशीनं बोचकं काढलं, धुतलं, वाळवलं आणि ठरवलं: सहा इंची चौकोन, सात आडवे, सात उभे. एकूण 49 चौकोन, 42 इंचांचं दुपटं. हातात चार महिने. ऐकायला सोपं आहे ना?

अडचण टेबलाची झाली. साड्यांचे चौकोन सरळ कापायचे तर सपाट, मोठी जागा लागते. घरात तशी जागा एकच, डायनिंग टेबल. तिथंच शिलाई मशिन, तिथंच कापड, तिथंच इस्त्री. आणि नऊ वाजता तिथंच ताटं. रोज मांडायला वीस मिनिटं, आवरायला पंधरा. दोन्हीच्या मध्ये शिवायला उरायचं काय? आजीची वाकळ सुई खोचून गुंडाळता यायची. मशिनवरचं पॅचवर्क तसं नाही. त्याला वायर लागते, उजेड लागतो, उंच जागा लागते. नवी पद्धत वेगवान आहे खरी, पण ती मांडामांड मागते. पहिल्या महिन्यात मावशीचे फक्त नऊ चौकोन कापून झाले.

मग मुलानं मनावर घेतलं. मी मदत करतो म्हणाला. मावशी टेबलावर बसली, तो ओट्यापाशी उभा राहिला. आणि सुरू झालं. मीठ कुठंय? डाळीला किती शिट्ट्या? हळद आत्ता की नंतर? कोथिंबीर धुतलेली आहे का? एका संध्याकाळी मावशी अकरा वेळा उठली. तिनं मोजलं, कारण त्या रात्री तिचे दोन चौकोन तिरके कापले गेले. सासूबाईंची साडी. पुन्हा कुठून आणणार?

फोनवर हे ऐकून मावसबहिणीनं तोडगा काढला. मदत नको, दोन वार पूर्णच त्याच्याकडं दे. मंगळवार आणि शुक्रवार. भाजी काय करायची हे ठरवण्यापासून ओटा पुसेपर्यंत, आणि रात्री दुधाला विरजण लावण्यापर्यंत, सगळं त्याचं. मावशीला विचारायचं नाही. मावशीनंही ओट्याकडं बघायचं नाही. काकांनी पाणी भरणं आणि कपड्यांच्या घड्या घेतल्या. आणि त्या दोन दिवशी जेवण जमिनीवर बसून, म्हणजे टेबल आवरायलाच नको.

पहिल्या मंगळवारी खिचडी झाली. शुक्रवारी खिचडी. पुढच्या मंगळवारीही खिचडीच. तिसऱ्या आठवड्यात काकांचा चेहरा पडला, पण बोलले नाहीत. चौथ्या आठवड्यात मुलगा यूट्यूब बघून पिठलं शिकला, तळाला लागलं, तेही सगळ्यांनी खाल्लं. मावशी सांगते, सगळ्यात अवघड भाग शिवणाचा नव्हताच. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येतोय आणि आपण खुर्चीवरून उठायचं नाही, हे अवघड होतं.

आकडे काय सांगतात?

ही फक्त एका घराची गोष्ट नाही. सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर ‘टाइम यूज सर्व्हे’ केला. माणसं दिवसाचे तास कशावर घालवतात, याची ती मोजणी. त्यात दिसलं, की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात. पुरुषांची 97. आणि हे फक्त त्या दिवशी काम केलेल्यांचे आकडे. मुळात अशा कामाला हात लावणाऱ्या बायका 81.2 टक्के, पुरुष 26.1 टक्के.

299 मिनिटं म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. पण हे पाच तास सलग नसतात. ते दिवसभर विखुरलेले असतात, त्यामुळं उरलेला वेळही विखुरलेलाच उरतो. दहा मिनिटं इथं, पंधरा तिथं. ‘दुपारी मोकळी तर असते’ असं आपण ज्या आईबद्दल सहज बोलतो, तिच्या दुपारीत दूधवाला, कुरिअर, वाळत घातलेले कपडे आणि चारचा चहा असतो. त्या वेळात धावदोरा होईल. 49 चौकोन मापात कापणं कसं होणार?

आणि हे काम करणाऱ्यांना स्वतःलाही ते ‘काम’ वाटत नाही, हा आणखी एक मुद्दा. आजी म्हणते गरज होती, मावशी म्हणते टाइमपास. जगात मात्र हेच काम म्युझियमच्या भिंतीवर लागलंय. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतातल्या जुन्या पँटी, शर्ट फाडून थंडीसाठी गोधड्या शिवल्या. 2002 मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये मांडल्या गेल्या आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली.

एवढं लांब जायलाच हवं असं नाही. गोव्याला लागून असलेल्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. मूळचा आफ्रिकेतला हा समाज, त्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून पळून जंगलात गेले. त्यांची शिवणही आजीच्या वाकळेसारखीच, कडेकडेनं आत जाणारी. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ बसवल्याशिवाय कवंदी पूर्ण मानत नाहीत. आपल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी ‘गोधरीज ऑफ महाराष्ट्र’ हे अख्खं पुस्तक केलंय. ज्याला घरात ‘चिंध्यांचा पसारा’ म्हणतात, त्यावर पुस्तक होतं. तो पसारा घालायला घरात एक तास मात्र मिळत नाही!

जर्नलचे षटकोन

आता होस्टेलवाली मैत्रीण. इंजिनिअरिंग, थर्ड इयर. तिच्याकडं मशिन नाही, टेबल नाही, खोलीत तिघी. तरी तिची गोधडी चाललीये, आणि ती पूर्ण हातानं. तिची पद्धत ऐकून मला हसूही आलं आणि हेवाही वाटला. ती जुन्या प्रॅक्टिकल जर्नलच्या पानांचे षटकोन कापते. प्रत्येक षटकोनावर कापडाचा तुकडा ठेवून कडा मागं दुमडते, कच्चा टाका घालते. असे दोन षटकोन सुलट बाजू समोरासमोर लावून कडेकडेनं बारीक टाक्यांनी जोडायचे. सगळ्या बाजूंनी शेजारी मिळाले, की आतला कागद काढून टाकायचा. कागदामुळं सगळे षटकोन एकाच मापाचे येतात. विद्युत परिपथांच्या आकृत्या एकदाच्या कामी आल्या, असं ती म्हणते.

तिचं सगळं सामान बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावतं. मेसच्या रांगेत एक षटकोन होतो, बसमध्ये दोन. इंटर्नल्स आल्या, की डबा बंद. बंद करताना ती आत चिठ्ठी टाकते: ‘पिवळी रांग चालू, पुढं निळा’. तीन आठवड्यांनी डबा उघडला, तर कुठं होतो हे शोधण्यात संध्याकाळ जात नाही. आजीची खोचलेली सुई आणि ही चिठ्ठी, काम एकच करतात.

पण कापड कापायचं सलग काम तिला होस्टेलवर जमत नाही. ते ती सुट्टीत घरी करते, हॉलच्या फरशीवर. आणि अडतं ते तिथंच. सुट्टीला घरी आलेली मुलगी म्हणजे स्वयंपाकघराला मिळालेली जादा माणूस. भाऊही सुट्टीवरच असतो, पण त्याची सुट्टी म्हणजे सुट्टी. पसारा फरशीवर पडला, की आधी हे आवर आणि पोळ्या लाट, असा हुकूम येतो. दिवाळीच्या सुट्टीत तिनं घरी सांगून टाकलं: पोळ्या मी लाटीन, पण भाजी आणि भांडी त्याची, आणि दहा ते साडेअकरा मी कुणालाही दिसत नाही असं समजा. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फरशीवर येऊन बसली आणि म्हणाली, यात माझ्या लग्नातला शालूचा तुकडाही घाल की!

तुम्हाला करायची असेल तर...

तिघींच्या अनुभवातून काढलेल्या या काही गोष्टी. परीक्षा, घरकाम आणि गोधडी एकत्र चालवायची असेल तर उपयोगी पडतील.

• लहान सुरुवात करा. 60 बाय 90 इंचांच्या गोधडीला सहा इंची चौकोन 150 लागतात. दुपट्याला 49. उशीच्या अभ्य्राला त्याहून कितीतरी कमी.

• चौकोन साडेसहा इंचांचा कापा. चारही बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत जातो.

• शक्यतो सुती कापड सुतीलाच जोडा. सिंथेटिक साडी सुईखाली सरकते आणि पांघरल्यावर घाम शोषत नाही. सगळं कापड आधी धुवून घ्या, नाहीतर नंतर एक तुकडा आटतो आणि बाकीचे सुरकुततात.

• कामांच्या दोन याद्या करा. कापणं, इस्त्री, थर मांडणं ही सलग वेळेची. जोडणं, कच्चे टाके, धावदोरा ही फुटकळ वेळेची. मोकळी दहा मिनिटं मिळाली, की दुसऱ्या यादीतलंच काम उचला.

• उठताना चिठ्ठी ठेवा. पुढचा टाका कुठं, एवढं एक वाक्य.

• टाचण्या मोजून घ्या, मोजून ठेवा. घरात रांगणारं बाळ असेल तर रोज शेवटी फरशीवरून लोहचुंबक फिरवा.

• घरातल्या कुणाला तरी गोधडी शिवायचीये? ‘मदत’ करू नका. एक वार पूर्ण घ्या. मीठ कुठंय हे आधीच बघून ठेवा.

चौथी कड

मावशीच्या दुपट्याचं काय झालं, ते राहिलंच. बाळ दहा दिवस आधीच आलं. ते हॉस्पिटलमधून घरी आलं, तेव्हा दुपट्याच्या तीन कडा शिवून झाल्या होत्या. चौथी कड बारशाच्या आदल्या रात्री पूर्ण झाली. त्या दिवशी मंगळवार नव्हता की शुक्रवारही नव्हता. घरात बारा पाहुणे होते. स्वयंपाक मुलानं केला, काकांनी पोळीवाल्या काकूंकडून पोळ्या आणल्या, आणि मावशी आतल्या खोलीत दार लावून बसली. बाहेरून कुणी हाक मारली नाही.

दुपट्यातले दोन चौकोन जरा तिरके आहेत. मावशीनं ते काढले नाहीत. आणि मंगळवार-शुक्रवारची पद्धतही तिनं काढली नाही. दुपटं संपलं, तरी त्या दोन दिवशी स्वयंपाक मुलाकडंच आहे, कारण आता साड्यांच्या उरलेल्या तुकड्यांची मोठी गोधडी सुरू झालीये. या वेळी तिला कसली घाई नाही. मुलगा आता आमटीपर्यंत पोचलाय.